बर्फात सोडायचं की घरात ठेवायचं?

गेल्या अंकात सिमल्याच्या छावणीतल्या माझ्या शाळेविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर मुलं आणि बर्फ या एकाच विषयाची इतकी पत्रं आली की यावेळचं सदर त्यालाच देते. माझे मिस्टर मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. त्यांच्या बदल्यांमुळं मी डोंगरातल्या छावण्यांत लहान मुलांना शिकवलं, आणि आता हिवाळ्यात लेकीकडे कॅनडात एडमंटनला जाते. खाली लिहिते त्यातलं बरंचसं पोरांच्या मागं फिरून बघितलेलं आहे.

*

माझा नातू तीन वर्षांचा आहे. मुलगा-सून कॅनडात विनिपेगला असतात. परवा व्हिडिओ कॉलवर बघते तर पाळणाघराच्या बाई उणे १० अंशात पोरांना घेऊन बाहेर! आमचं पोरगं बर्फात लोळतंय, नाक लाल झालंय, नाकातून पाणी. सुनेला म्हटलं, अगं छातीत कफ होईल. ती म्हणाली, आई, इथं रोजच नेतात. तेव्हापासून फोनवर मोजकंच बोलते. मी माझ्या मुलांना डिसेंबरात कानटोपीशिवाय उंबऱ्याबाहेर सोडलं नाही. मी गप्प बसावं का?
— एक आजी, शहापूर, बेळगाव

अक्का, पोराला बाहेर जाऊ दे. सूनबाईंचं बरोबर आहे. पण तुम्ही गप्प बसू नका, तुमच्या हातात करण्यासारखं पुष्कळ आहे. ते शेवटी सांगते.

आधी विनिपेगचं. तिथं जानेवारीचं सरासरी तापमानच उणे १६च्या आसपास असतं. उणे १० म्हणजे तिथल्या आयांच्या हिशोबानं बरा दिवस. डिसेंबरात तिथला दिवस जेमतेम ८ तासांचा, आपला सगळ्यात लहान दिवससुद्धा ११ तासांच्या वर असतो. बर्फ वितळायची वाट बघत मूल घरात ठेवायचं म्हटलं तर नोव्हेंबर ते मार्च ते चार भिंतींत राहील. आपल्या जांबोटी-कणकुंबीकडची पोरं जून ते सप्टेंबर धो-धो पावसात शाळेला जातात की नाही? पाऊस थांबेपर्यंत घरी बस असं तिथली कुठली आई म्हणेल? तिनं म्हटलं तर पोराची अर्धी शाळा बुडेल. तिथल्या मुलाला पाऊस जसा, तसा तुमच्या नातवाला बर्फ.

आता तुमची खरी भीती, कफाची. सर्दी-खोकला विषाणूंमुळं होतो, आणि ते विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात. दारं-खिडक्या लावून हीटरच्या उबेत वीस मुलं एकत्र बसली की त्यांची चंगळ होते. मोकळ्या मैदानात ते इतक्या सहज पसरत नाहीत. नाकातून पाणी आलं त्याला सर्दी समजू नका. कोरडी थंड हवा फुप्फुसात जाण्याआधी नाक तिला गरम आणि ओलसर करतं, आणि त्या खटाटोपात पाणी गळतं. घरात आल्यावर थोड्या वेळात थांबतं. दम्याच्या मुलाला मात्र थंड हवेनं धाप लागू शकते. तुमच्याकडे कोणाला दमा असेल तर सुनेला एवढं जरूर सांगा, म्हणजे ती तिथल्या डॉक्टरांना विचारून घेईल.

लहान मुलाचं अंग आपल्यापेक्षा लवकर गार पडतं हेही खरं आहे. त्याच्या वजनाच्या मानानं अंगाची कातडी जास्त असते, त्यामुळं ऊब लवकर निघून जाते. म्हणून तिथं सगळा भर कपड्यांवर. आतून अंगाला चिकटून लोकरीचा नाहीतर घाम बाहेर टाकणाऱ्या कापडाचा थर, त्यावर जाड उबदार थर, आणि सगळ्यात वर पाणी-वारा आत न येणारा एकसंध पोशाख. सुती बनियन, सुती मोजे तिथं अगदी वाईट. सूत घाम आणि पाणी धरून ठेवतं आणि ओलं सूत अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब राखते. आपल्याकडच्या धनगराची घोंगडी आठवा. भर पावसात तो ती डोक्यावरून घेऊन मेंढरांमागं उभा असतो, आणि घोंगडी भिजून जड झाली तरी आत तो उबेत असतो. नातवाच्या अंगावर तीच युक्ती आहे, फक्त कापड निराळं.

म्हणजे भ्यायचं ते थंडीपेक्षा ओलीला. कोरडं मूल पळत-लोळत असेल तर त्याचं अंग स्वतःच ऊब तयार करतं. तेच मूल ढकलगाडीत किंवा बर्फावरच्या घसरगाडीत बसून असेल तर ऊब तयार होत नाही, आणि ते फार लवकर गारठतं. एडमंटनला माझी लेक मुलांच्या मानेमागं कॉलरीत बोट घालून बघते. मान उबदार आणि कोरडी असेल तर ठीक. घाम असेल तर कपडे जास्त झालेत. मान गार लागली तर लगेच घरात. नुसते हात गार लागले म्हणून ती घाबरत नाही, पण बोटं पांढरी पडली, मुंग्या आल्या किंवा बधिर झाली तर खेळ तिथंच थांबतो. कान, नाकाचा शेंडा आणि पायाची बोटंही अशीच बघायची.

असं झालं तर चोळायचं नाही. आपल्या हाताची सवय आधी चोळायची, म्हणून मुद्दाम लिहिते. बर्फानं तर मुळीच चोळू नये. तान्ह्या बाळाच्या अंघोळीला घेतो तेवढ्या कोमट पाण्यात, ३७ ते ३९ अंशांच्या, बोटं बुडवून ठेवायची. शेगडी किंवा हीटरसमोर धरायची नाहीत. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि मूल भाजतं.

खेळालाही तिथं मर्यादा आहे. वाऱ्याचा गारठा धरून साधारण उणे २७च्या खाली गेलं की मुलांना आतच ठेवा असं कॅनडातले बालरोगतज्ज्ञ सांगतात. काही पाळणाघरं आणि शाळा याहून आधीच दारं लावून घेतात. त्या बाई बेफिकीर नाहीत, अक्का. तीन वर्षांच्या डझनभर मुलांना तो पोशाख, बूट, टोपी, हातमोजे चढवायला त्यांचा किती वेळ जातो ते मी बघितलंय. त्यांना मुलांची माया नसती तर एवढा उपद्व्याप त्यांनी रोज केला नसता.

आणि पोरगं तिथं लोळत का होतं तेही सांगते, म्हणजे पुढच्या वेळी बघताना तुम्हाला आनंद वाटेल. उताणं पडून हात-पाय पंख्यासारखे हलवले की बर्फात परीसारखा आकार उमटतो. तिथली सगळी मुलं ते करतात. उणे १० किंवा त्याखालचा बर्फ पिठासारखा कोरडा असतो आणि बुटाखाली करकर वाजतो. त्याचा गोळा होत नाही, मुठीतून निसटून जातो. गोळे होतात ते हवा शून्याच्या आसपास आली की, कारण तेव्हा कणांवर पाण्याचा बारीक थर असतो आणि ते एकमेकांना चिकटतात. म्हणून तिथं बर्फाचा माणूस करायला कडक थंडीत नाही, जरा ऊब पडली की सगळे बाहेर येतात.

सिमल्याचा बर्फ बहुतेक वेळा असाच ओलसर. मराठा पलटणीतल्या घरांची मुलं आमच्या शाळेत होती, कुणी खानापूरची, कुणी चंदगडची, कुणी साताऱ्याकडची. पहिला बर्फ पडला की पहाडी मुलं खताच्या रिकाम्या पोत्यावर बसून उतारावरून घसरायला जायची. आमची पोरं काय करायची सांगू? किल्ला! दिवाळीत बेळगावात गल्लीगल्लीत करतात तसा, तटबंदी, बुरूज, वर चढणारी वाट, आणि पेन्सिलीला कागद लावून केलेला भगवा. मातीऐवजी बर्फ, एवढाच फरक. पहाडी मुलं आधी लांबून बघायची, मग पोती टाकून बुरूज थापायला यायची. एका वर्षी त्यांनीच दरवाजाला कमान घातली. आमच्या मुलांना ती कमान जमत नव्हती, कारण बर्फ किती दाबला की उभा राहतो हे त्यांच्या हाताला ठाऊक नव्हतं. पहाडी मुलांना ते न शिकवता येत होतं. तुमच्या नातवाच्या हातात तीच कला येतेय. दिवाळीला इथं आणा त्याला, शहापुरातल्या पोरांच्या किल्ल्यावर त्याचे हात कसे चालतात बघा.

तो आला की तुमची पाळी. थंड देशातलं अंग आपल्या उन्हाला सरावायला एक-दोन आठवडे लागतात. एप्रिल-मेमध्ये आला तर पहिले दिवस दुपारी ११ ते ४ घरात, पाणी आणि पन्हं वरचेवर, खेळ सकाळ-संध्याकाळी. तेव्हा सून घाबरेल आणि तुम्ही तिला धीर द्याल.

आता करायचं काय. आजपासून फोनवर कफाचं विचारू नका, आज बर्फात काय केलंस ते विचारा. लोकर आणून मोजे विणा आणि पाठवा, ते फार कामाला येतात. फार जाड नकोत. बुटात पाय आवळला की रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट लवकर गारठतो. हातमोजे विणू नका. विणीत बर्फ अडकतो, वितळतो आणि हात भिजतात. मफलरही नको, घसरगुंडीत अडकून गळ्याला फास बसतो. त्याऐवजी गळ्यात डोक्यावरून घालायची बंद पट्टी विणा. आणि एकच गोष्ट सुनेला विचारा, प्रेमानं: थंडीत लोखंडी खांबाला जीभ लावायची नाही हे पोराला सांगितलंय का? तीन-चार वर्षांची पोरं हा उद्योग हमखास करतात आणि जीभ चिकटून बसते. ओढायची नाही, कोमट पाणी हळूहळू ओतायचं.

*

बाई, वळवाच्या पावसात गारा पडतात तेव्हा आम्ही वाटी घेऊन धावतो. त्यांचा टीव्हीतल्यासारखा गोळा का होत नाही? आणि बेळगावात बर्फ का पडत नाही?
— इयत्ता पाचवी, वडगाव

बाळा, गार आणि हिम वेगवेगळ्या तऱ्हेनं तयार होतात. वादळी ढगात खालून वर जोराचा वारा जातो. त्यात सापडलेल्या बर्फाच्या कणावर पाण्याचे गारठलेले थेंब आदळत जातात आणि थरावर थर गोठत जातो. म्हणून गार घट्ट आणि टणक असते. हिमाचा कण मात्र हवेतल्या वाफेपासून सरळ बर्फ होऊन वाढतो, सहा फाट्यांचा, नाजूक. ते कण एकमेकांवर पडले की मध्ये भरपूर हवा राहते. ताज्या हिमात बहुतेक हवाच असते, म्हणून ते दाबलं जातं आणि त्याचा गोळा होतो. गार दाबली जात नाही.

बेळगाव समुद्रापासून साधारण ७५० मीटर उंच आहे. उन्हाळ्यात आपल्या डोक्यावर शून्य अंशाची हवा लागते ती सुमारे ५ किलोमीटर वर. तुझ्या अंगणात पडणाऱ्या वळवाच्या थेंबांतले कितीतरी थेंब वर बर्फच असतात, खाली येता येता वितळतात. गार मोठी असल्यामुळं वितळायच्या आत पोचते.

मोठी गार मिळाली तर आईला सांगून मधोमध कापून घे आणि आतली पांढरी व पारदर्शक कडी बघ. पण गारा पडत असताना धावू नकोस. डोक्याला लागतं, आणि त्याच ढगातून वीजही पडते. थांबल्यावर जा.

*

आमचे मिस्टर मराठा रेजिमेंटमध्ये आहेत, सध्या वर बर्फात ड्युटी आहे. फोन लागला की मुलाला बर्फ दाखवतात, हसतात. मुलगा पहिलीत आहे. सगळ्या गल्लीत सांगत सुटलाय, माझे पप्पा बर्फात खेळतात. परवा रडायला लागला, मला सोडून एकटेच खेळतात म्हणून. त्याला काय सांगू? आणि मला रात्री झोप लागत नाही, हे कुणाला सांगू?
— येळ्ळूर

पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मला सांग. पत्र लिही, आणि तुमच्या रेजिमेंटच्या बायकांच्या बैठका होतात तिथं जा. ज्या बाईचा नवरा वर राहून परत आलाय ती तुला जे सांगेल ते दुसरं कुणी सांगू शकणार नाही. तुझी भीती उगाच नाही. २०१६च्या फेब्रुवारीत सियाचीनला हिमस्खलन झालं आणि आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातले हनुमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत निघाले, तेव्हा आपला सगळा भाग देव पाण्यात ठेवून बसला होता. ते वाचले नाहीत. हे तुला माहीत आहे, मी लपवून उपयोग नाही. पण तिथं राहायचं, चालायचं, झोपायचं शिक्षण दिल्याशिवाय जवानाला वर पाठवत नाहीत. थोडं-थोडं चढवत, हवेची सवय करत नेतात. दोराला बांधून एकामागं एक चालतात. तुझा माणूस फोनवर हसतो तो तुमच्यासाठी, पण त्याला तिथलं काम येतं म्हणूनही.

मुलाला खोटं सांगू नकोस. पप्पा खेळतात हे त्याच्या मनातून आता काढायला हवं, नाहीतर त्याला खरंच सोडून दिल्यासारखं वाटत राहील. सांग की पप्पांची शाळा-ऑफिस जे काय आहे ते तिथं आहे आणि तिथली जमीनच बर्फाची आहे. तिथं हवा इतकी विरळ असते की मोठ्या माणसालाही चार पावलांवर दम लागतो, म्हणून लहान मुलांना नेत नाहीत. त्याला हवं तेवढं विचारू दे. हिमस्खलनाच्या बातम्या आणि मोबाईलवरचे व्हिडिओ त्याच्यासमोर लावू नकोस. घरातल्या मोठ्यांनाही हे बजाव.

मिस्टरांनाही एक सांग. फोनवर बर्फ दाखवताना कामाचं काहीतरी दाखवा: बूट कसे घालतात, हातमोजे किती जाड आहेत, पाणी प्यायला बर्फ वितळवावा लागतो ते. सहा वर्षांच्या मुलाला यात खेळण्याइतकाच रस असतो, आणि पप्पा काम करतात हे त्याला आपोआप कळतं. पुढं थंड डोंगरातल्या एखाद्या छावणीत घर मिळालं की त्याला बर्फात ने. माझ्या वर्गात अशी कितीतरी मुलं आली. पहिल्या दिवशी एका बोटानं शिवायची, दुसऱ्या दिवशी खिशात भरून वर्गात आणायची आणि खिसा ओला झाला की माझ्याकडे बघायची.

*

मुली ९ आणि ५ वर्षांच्या. दसऱ्याच्या सुट्टीत बर्फ बघायला मनालीला न्यायचा बेत आहे. स्वेटर-कानटोप्या घेतल्या आहेत. आणखी काय लागेल?
— एक वडील, निपाणी

भाऊ, आणखी लागेल ती दुसरी सुट्टी. ऑक्टोबरात मनालीत बर्फ मिळत नाही असंच धरून चाला. मनाली २,०५० मीटरच्या आसपास आहे, तिथं बर्फ पडतो तो बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत. मुलींना बर्फ कबूल करून नेलंत आणि सफरचंदाच्या बागा दाखवून आणलंत तर त्या तुम्हाला जन्मभर ऐकवतील. आपल्या कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये. तेव्हा जायचं तर बर्फासाठी आणखी वर जावं लागतं: एप्रिलमध्ये अटल बोगद्यापलीकडे लाहौलमध्ये कोकसरच्या बाजूला, किंवा काश्मीरात गुलमर्गला रोपवेच्या पाळण्यातून वर. मेमध्ये रोहतांग, पण तो ३,९७८ मीटर.

ही उंचीच तुमच्या धाकटीसाठी महत्त्वाची. २,५०० मीटरच्या वर गेलं की विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. मोठं माणूस डोकं दुखतंय म्हणून सांगतं. पाच वर्षांचं मूल किरकिर करतं, खात नाही, ओकतं, पेंगतं. बसचा त्रास म्हणून सोडून देऊ नका. तसं झालं की बर्फ बघायचा राहिला तरी चालेल, गाडी वळवून खाली या. बोगद्यानं तर ही चढाई फार झटपट होते, त्याची दोन्ही तोंडं ३,००० मीटरच्या वर आहेत. म्हणून आधी मनालीत दोन मुक्काम करा. निपाणीहून बेळगावला किंवा मिरजेला येऊन तुम्ही गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीनला जाल. तिथून पुढचा डोंगराचा प्रवास एका दमात रेटू नका.

आपल्या बाजारातले स्वेटर अंगात घालायला ठीक, पण बर्फात बसलं की पाच मिनिटांत ओले. वाटेवरच्या दुकानांत वरचा पोशाख आणि गमबूट भाड्यानं मिळतात. घेताना आत हात घालून बघा. आधीच्या गिऱ्हाइकाच्या घामानं-पाण्यानं आतून ओलसर असतात, तसा असेल तर दुसरा मागा. गमबूट लोकरीच्या मोज्यासकट घालून बघा, बोटं हलली पाहिजेत. पाणी न शिरणारे हातमोजे इथूनच न्या, प्रत्येकीला दोन जोड. विणलेले नकोत. कोरडे मोजे-कपडे गाडीत ठेवा.

काळा चष्मा दोघींनाही लागेल, तुम्हालाही. ताजा बर्फ सूर्याच्या अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि उंचीवर ते किरण मुळातच जास्त. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते ती त्यानंच. उन्हापासून वाचवणारं मलम हनुवटीखाली आणि नाकाखालीही लावा, कारण तिथं ऊन खालून येतं.

पहिल्यांदा अर्धा तास पुरे. मग काहीतरी गरम पाजा, मोजे बदला, पुन्हा सोडा. मुलगी खेळायची थांबून गप्प उभी राहिली की ती गारठली असं समजा. फोटो नंतर. बर्फ खायला मागतील. ताजा, पांढराशुभ्र, कुणी न तुडवलेला चिमूटभर चालेल, रस्त्याकडेचा आणि खेचरांच्या वाटेवरचा मुळीच नको.

*

मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवते. बर्फाळ प्रदेशातल्या मुलांचा धडा आहे, पण आमच्या मुलांनी बर्फ बघितलाय तो गोळेवाल्याच्या गाडीवर. कसं समजावू? शिवाय गॅदरिंगला बर्फाचा देखावा करायचा आहे. फेसाचे स्प्रे आणावेत का?
— एक शिक्षिका

बाई, तुमच्या मुलांना बर्फ समजावणं सोपं आहे, कारण पाऊस त्यांना जितका ठाऊक तितका कुणालाच नाही. त्यांना हा हिशोब घाला. १ सेंटिमीटर पावसाचं पाणी हिम होऊन पडलं तर त्याचा थर साधारण १० सेंटिमीटर होतो. खानापूरच्या पश्चिमेला जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही काही नवलाई नाही. तो सगळा हिम होऊन पडला असता तर एका रात्रीत साधारण १ मीटर थर साचला असता, म्हणजे पहिलीतल्या पोराच्या हनुवटीपर्यंत. भिंतीवर खडूनं रेघ मारा आणि एकेकाला तिच्याजवळ उभं करा. शाळेचं दार कसं उघडायचं, गुरं कुठं बांधायची, पाण्याला कोण जाणार, हे प्रश्न तीच काढतील. धडा तिथंच सुरू होतो.

मग खरं हिम वर्गात करून दाखवा. स्टीलचा पेला बाहेरून कोरडा पुसा. त्यात ठेचलेला बर्फ भरा, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं जाडं मीठ घाला आणि लाकडी पट्टीनं ढवळत राहा. पॉट आइस्क्रीमवाला हेच करतो. मिठानं बर्फ वितळतो आणि वितळताना मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं. थोड्या वेळात पेल्याच्या बाहेर पांढरी बुरशी धरल्यासारखा थर येतो. आतलं पाणी बाहेर आलेलं नाही, हवेतली वाफ पेल्यावर गोठली आहे. हातभिंग असेल तर काही ठिकाणी सुया दिसतील. ढगात हिमाचा कण असाच वाफेतून वाढतो. मुलांना हेही सांगा की जपानात होक्काइडोला उकिचिरो नाकाया या शास्त्रज्ञानं १९३६ साली प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमकण तयार केला, आणि तो वाढवला सशाच्या एका केसाच्या टोकावर. सशाचा केस ऐकल्यावर मागच्या बाकावरचीही पुढं येतील. मीठ-बर्फाच्या मिश्रणात बोट घालून पैजा लावू देऊ नका, कातडी जखमी होते. पेला फडक्यात धरायचा.

गोळेवाल्याचा बर्फही वाया घालवू नका. गोळ्याचा किसलेला बर्फ म्हणजे फोडलेल्या लादीचे तुकडे, त्यात सहा फाटे कुठून येणार. हैदराबाद, मुंबईसारख्या शहरांत तिकीट काढून जायचे बर्फाचे हॉल आहेत, तिथलाही बर्फ यंत्रानं थेंब गोठवून केलेला असतो, दाणेदार. मुलांना तिथं मजा येते, जरूर न्यावं, पण आकाशातून पडलेल्या हिमाचा मऊपणा त्याला नसतो.

देखाव्यासाठी फेसाचे स्प्रे आणू नका. यावर माझं मत अगदी पक्कं आहे. त्यांतल्या बऱ्याच डब्यांमध्ये फेस बाहेर ढकलायला पेट घेणारा वायू असतो. केकवरच्या मेणबत्त्यांजवळ असा स्प्रे उडवल्यावर भडका उडून मुलं भाजल्याच्या घटना झालेल्या आहेत. डोळ्यांत गेला तर आग होते ती वेगळीच. थर्माकोलचे बारीक मणी लहान मुलं नाकात घालतात. कापूस दिव्याजवळ आणि गरम बल्बजवळ लगेच धरतो. पांढऱ्या जुन्या चादरी, पांढऱ्या कागदाचे मुलांनी स्वतः कातरलेले सहा फाट्यांचे कण, आणि खाली अंथरायला पांढरा पोत्याचा कपडा, एवढ्यावर देखावा होतो. कातरताना कागदाची घडी नीट सहाची घाला. चार किंवा आठ फाट्यांचे कण सजावटीत सगळीकडे दिसतात, पण खरा कण तसा पडत नाही. आणि रंगमंचावर समई लावणार असाल तर ती देखाव्यापासून लांब, पडद्याच्या बाहेर ठेवा.